नीरेच्या पाटाकाठची वाट

वाहत्या पाण्याच्या कडेने जाणारी वाट प्रवाशास नेहमीच सुखाची वाटते. पाणी चढावर चढत नाही, म्हणून त्याच्या सोबतीने जाणाऱ्यासही मोठा चढ चढावा लागत नाही. काठाला झाडांची सावली असते, थोड्या थोड्या अंतरावर गाव लागते आणि वाट चुकण्याची भीती जवळजवळ नसते. सायकलीवरून दूरचा प्रवास करणाऱ्यांनी नदीखोरी आणि कालवे यांना पसंती दिली, त्याचे कारण हेच होय. फ्रान्स देशात अशा वाटांची आज फार ख्याती आहे. लोआर नदीच्या काठाने शेकडो मैल जाणारा सायकलमार्ग, तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा ‘कनाल द्यु मिदी’ हा दक्षिणेतील कालवा आणि ब्रिटनी प्रांतातून जाणारा नांत-ब्रेस्त कालवा, या मार्गांनी देशोदेशींचे प्रवासी दरवर्षी संथपणे जातात. द्राक्षांचे मळे, जुनी दगडी पुले आणि झोपाळलेली खेडी पाहत त्यांचे दिवस सुखाने सरतात.

परंतु या वाटा कोणाच्या सुखासाठी बांधलेल्या नव्हत्या. दक्षिणेतील कालवा पिएर-पॉल रिके या करवसुली अधिकाऱ्याने चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत, १६६६ पासून खोदविला. सुमारे दीडशे मैलांचे हे काम १६८१ साली पुरे झाले, आणि त्याच्या काही महिने आधीच रिके मरण पावला. मालाने भरलेल्या नावा घोडे दोरखंडाने ओढीत; त्या घोड्यांसाठी काठाने जी पायवाट राखली, तिच्यावरून आज सायकली जातात. नांत-ब्रेस्त कालव्याचे मूळ तर युद्धात आहे. इंग्रजी आरमाराने ब्रेस्त बंदराची समुद्राकडील वाट अडविली, तेव्हा आतल्या बाजूने रसद नेता यावी म्हणून नेपोलियनच्या काळात हा कालवा काढण्याचे ठरले. त्यातील ग्लोमेल येथील खोल खंदक १८२३ नंतरच्या दहा वर्षांत कैद्यांकडून खणून घेण्यात आला. पुढे आगगाडी आली, नावा गेल्या, आणि काठची वाट तेवढी उरली. आज त्या खंदकाच्या गार सावलीतून जाणाऱ्या प्रवाशास बेड्यांचा आवाज ऐकू येत नाही.

महाराष्ट्रात अशी एखादी वाट शोधावयाची झाली, तर पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्याकडे वळावे लागेल. तेथे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. त्यांच्या दक्षिण सीमेने नीरा वाहते. उत्तरेस आणि पूर्वेस भीमा आहे. पुरंदराच्या डोंगराळ भागातून येणारी कऱ्हा बारामती शहराजवळून जाऊन सोनगावाशी नीरेस मिळते. या नद्यांच्या मधल्या माळावरून, नीरेशी समांतर, सुमारे शंभर मैल लांबीचा एक कालवा गेला आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव नीरा डावा कालवा. काठावरच्या लोकांना तो नुसता ‘कॅनॉल’ किंवा ‘पाट’ म्हणून ठाऊक आहे.

हा पाट येण्यापूर्वी हा मुलूख कसा होता, हे समजल्यावाचून त्याचे मोल कळणार नाही. सह्याद्रीला अडून राहिलेला पाऊस येथे पोहोचेपर्यंत पार थकलेला असतो. पाऊस झाला तर काळ्या जमिनीत ज्वारी उत्तम पिकावी, न झाला तर वैरणीचीही पंचाईत व्हावी, असे येथील दैव. भीमेच्या थडीची ती प्रसिद्ध भीमथडी तट्टे या उघड्या माळांवर वाढली आणि मराठ्यांच्या घोडदळात नावाजली. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे याच बाजूचे. अठराव्या शतकात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत बारामतीस येऊन राहिले आणि १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी कऱ्हेकाठीच आपली ग्रंथरचना केली. विद्येला येथे तोटा नव्हता. तोटा होता तो पाण्याला.

इंग्रजी अमलाच्या आरंभी या तोट्यात सरकारी साऱ्याची भर पडली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने ठरविलेला आकार रयतेस झेपेना, तेव्हा इंदापूर तालुक्यातील पुष्कळ जमीन पडीक राहिली आणि लोक गावे सोडून जाऊ लागले. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने पाहणी करून हलका आकार तीस वर्षांसाठी ठरवून दिला. मुंबई इलाख्याची पुढे सर्वत्र पसरलेली जमीनमोजणीची पद्धत अशी इंदापुरात जन्मास आली. साऱ्याचा भार हलका झाला, पण सावकाराचा भार वाढत गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल करून कर्जखते हस्तगत केली. दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उठावाची ही सुरुवात होती. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे.

दंग्याचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच १८७६ चा पाऊस चुकला. त्या दुष्काळात दख्खनची जी दैना झाली तिचे वर्णन अनेकांनी केले आहे. नीरेच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की, कालव्याचे जे बेत तोपर्यंत बहुतांशी कागदावर होते त्यांना आता गती आली. उपाशी माणसांना काम द्यावयाचे, तर ते पुन्हा उपासमार न यावी अशाच कामी लावावे, हा विचार त्यामागे होता. विचार उदात्त होता. मजुरी मात्र तशी नव्हती. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराच्या रोजच्या अन्नाचे माप एक पौंड धान्यावर आणले. एवढ्याशा धान्यावर माती वाहणे अशक्य आहे, अशी तक्रार पुण्याच्या सार्वजनिक सभेने आकडेवारीनिशी सरकारपुढे मांडली, आणि १८७७ च्या आरंभी दख्खनमध्ये हजारो मजुरांनी दुष्काळी कामावर जाण्याचे नाकारले. ग्लोमेलच्या खंदकावर बेडी होती. येथे बेडी नव्हती, भूक होती. घमेली उचलणाऱ्या त्या माणसांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

कालव्याची मांडणी व्हाइटिंग या इंजिनिअराच्या नावाशी जोडलेली आहे. भोरजवळ भाटघर येथे नीरेची उपनदी येळवंडी हिच्यावर दगडी धरण बांधावयाचे, पावसाळ्याचे पाणी तेथे साठवावयाचे, ते हवे तेव्हा नदीपात्रात सोडून खाली पुरंदर तालुक्यातील वीर गावाजवळ बंधाऱ्याने अडवावयाचे, आणि तेथून कालव्यात वळवावयाचे, अशी ती योजना होती. १८८५ च्या सुमारास कालव्यात पाणी खेळू लागले. धरण त्यानंतर काही वर्षांनी पुरे झाले आणि त्याच्या जलाशयास व्हाइटिंगचेच नाव मिळाले. पुढे त्याच जागी अधिक मोठे धरण उभारण्यात आले. ते १९२७-२८ च्या सुमारास पूर्ण होऊन लॉइड धरण म्हणून प्रसिद्धीस आले, आणि त्याच्या बळावर नीरेच्या पलीकडील फलटण, माळशिरस या भागांकरिता उजवा कालवा काढता आला. वीरचे आजचे धरण हे स्वातंत्र्यानंतरचे, १९६५ च्या सुमाराचे आहे.

फ्रान्सचा कालवा आणि हा कालवा यांत एक मूलभूत भेद आहे. नावांसाठी काढलेल्या कालव्यात पाणी शक्यतो स्थिर ठेवावयाचे असते. उंची बदलली की दरवाजे घालून नाव एका पातळीतून दुसरीत चढवितात किंवा उतरवितात. शेतीच्या कालव्यात पाणी सतत वाहते ठेवावे लागते, आणि तेही इतक्या बेताने की काठ खचू नये व गाळही साचू नये. म्हणून तो जमिनीच्या उंचसखलपणाला मान देत, मैलामागे अगदी थोडा उतार धरून, प्रत्येक ओढ्याला वळसा घालीत जातो. सरळ सडकेने जे अंतर थोडक्यात कापता येते, तेच कालवा सावकाश आणि नागमोडी चालून कापतो. घाईच्या माणसास ही वाट रुचणार नाही. सायकलस्वारास मात्र ती जणू मापून दिलेली आहे.

वीरपासून निघाले म्हणजे नीरा गाव, निंबूत, वडगाव निंबाळकर, माळेगाव अशी गावे ओलांडून कालवा बारामतीत शिरतो, आणि चक्क शहराच्या मधून जातो. तेथून काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी या बाजूने तो इंदापुराकडे वळतो. काठाने जी वाट आहे ती कालव्याच्या देखरेखीसाठी राखलेली. कोठे ती चांगली कठीण, कोठे मुरमाची, तर कोठे बाभळीच्या काट्यांनी भरलेली असते. अशा जागी जवळच्या डांबरी सडकेचा आश्रय घ्यावा हे शहाणपणाचे. दिवाळीनंतरचे तीन महिने या प्रवासास उत्तम. तेव्हा ऊन सोसवते, उसाला तुरे आलेले असतात, आणि उघड्या शेतातून ज्वारी हिरवी उभी असते. सकाळी या वाटेवर सायकलस्वारास दुधाच्या किटल्या नेणारी माणसे भेटतात, आणि हंगामात उसाने लादलेल्या गाड्यांची रांगही लागते.

मोटारीतून जाणाऱ्याच्या नजरेतून निसटणारी एक गोष्ट येथे सायकलस्वारास सहज दिसते. कालव्याच्या एका अंगास, म्हणजे नीरेच्या बाजूस, पाणी आपल्या भाराने उतरते. तेथे ऊस, केळी, चारा यांची गर्दी आहे. दुसऱ्या अंगास जमीन कालव्याहून उंच आहे. तेथे पाट पोहोचत नाही आणि माळ सुरू होतो. मध्ये अंतर असते ते केवळ कालव्याच्या रुंदीचे. इंजिनिअराने दुर्बिणीतून पाहून आखलेली ही समपातळीची रेषा कित्येक घराण्यांच्या नशिबाची रेषा ठरली. एकाच बापाच्या दोन मुलांना वाटणीत रेषेच्या दोन बाजू आल्या, तर एका पिढीत दोन घरांत केवढे अंतर पडावे, याची कल्पना काठावरून चालतानाच येते.

पाणी आले तरी ते वापरण्याची रीत ठरावयास पुष्कळ काळ गेला. सरकारची अपेक्षा अशी की, शेतकऱ्याने ज्वारी-बाजरीला पाणी द्यावे म्हणजे दुष्काळाची भीती टळेल. शेतकऱ्याचा हिशेब निराळा होता. पाऊस बरा झाला तर ज्वारीला विकतचे पाणी कशाला, असे तो विचारी. आणि दुष्काळ पडला की सगळेच एकदम पाणी मागत. कालव्याचा खर्च भरून येईना. जे पीक वर्षभर पाणी पिते आणि त्याची किंमतही चुकविते, ते पीक म्हणजे ऊस. सासवडचे माळी बागाईतात पूर्वीपासून निष्णात. त्यांनी या काठावर जमिनी खंडाने घेऊन उसाचे फड उभे केले, गुऱ्हाळे लावली, आणि येथे मिळविलेले कौशल्य घेऊन पुढे गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर व उजव्या नीरा कालव्यावरही वस्ती केली. त्यांना पाहून स्थानिक मराठा शेतकरीही उसाकडे वळला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक’ पद्धती पुढे आणली. ठराविक क्षेत्रास काही वर्षांच्या कराराने पाणी द्यावयाचे, त्यातील एका हिश्श्यात ऊस घेऊन बाकीच्यात हलकी पिके फिरवावयाची, आणि पाणी थोड्या जागी न साचता अनेक गावांत विभागले जावे, असे तिचे सूत्र होते.

त्या सूत्राची गरज किती होती, हे जमिनीनेच सांगितले. पंचवीस वर्षांच्या आत नीरेच्या खोऱ्यातील उत्तमोत्तम काळ्या जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. डॉ. हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे या दोन संशोधकांनी तिची तपासणी करून १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्यातून झिरपलेले आणि पिकांना गरजेहून अधिक दिलेले पाणी खाली साठते. भूगर्भातील पातळी वर चढते. पाण्यात विरघळलेला क्षार पृष्ठभागावर येऊन बसतो आणि जमीन चोपण होते. पाण्यावाचून जे शेत उपाशी होते तेच शेत पाण्याच्या अजीर्णाने मेले. १९१६ मध्ये मुंबई सरकारने या प्रश्नासाठी पाटबंधाऱ्याची खास शाखा उघडली. इंग्लिस या इंजिनिअराचे काम तीतूनच पुढे आले, आणि खडकवासल्याची सुप्रसिद्ध जलसंशोधन संस्था हे त्याच शाखेचे वाढलेले रूप होय. आजही काठाने जाताना भर उसाच्या मध्ये एखादा ओसाड, पांढुरका तुकडा दृष्टीस पडतो. परका प्रवासी त्यास पडीक माळ समजून पुढे जातो. तो माळ नव्हे. ते एके काळचे बागाईत आहे.

उसाबरोबर लोखंडी रूळ आले आणि चिमण्याही आल्या. १९१४ मध्ये दौंडहून बारामतीस अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली आणि बारामतीचा गूळ दूरच्या पेठांस जाऊ लागला. त्या रुळांच्या जागी आता रुंद रूळ आहेत. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३४ मध्ये साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. पुढे तेथील यंत्रशाळेत अंतराळयानांच्या अग्निबाणांचे भागही तयार झाले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने उभे राहिले. पाटाचे पाणी, कारखान्याची काटा-पावती आणि सोसायटीचे कर्ज या तीन गोष्टींभोवती या काठचे सार्वजनिक जीवन फिरू लागले.

या वाटेचा आणखी एक, कालव्याहूनही जुना प्रवासी आहे. तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. तो सोहळा देहूहून पंढरीस जाताना याच मुलखातून जातो. आषाढीच्या आधी काटेवाडीत परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस आणि इंदापुरास गोल रिंगण होते. सराटीच्या मुक्कामानंतर पादुकांना नीरेचे स्नान घडते. फ्रान्समधील प्रवासी नदीकाठी विश्रांतीसाठी जातो. येथील प्रवासी नदी ओलांडून दर्शनास जातो. पण दोघांच्या चालीत एक साम्य आहे. गाव मागे टाकण्याची घाई दोघांनाही नसते, आणि वाटेतल्या घरचे पाणी दोघांनाही गोड लागते. अलीकडे अनेक शहरांतील मंडळी सायकलीवरूनही पंढरीची वारी करतात.

इंदापुराच्या उत्तरेस दृश्य पालटते. १९८० साली पुरे झालेल्या उजनी धरणाने भीमेचे पात्र फुगून जणू समुद्र झाले आहे. भिगवण आणि कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. त्याच पाण्याखाली कित्येक गावांची शिवारे आहेत. पळसदेवचे प्राचीन देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे वर येते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. सोलापूरकडील रान भिजावे म्हणून इंदापूरच्या काठची काळी जमीन गेली. ज्यांची जमीन गेली त्यांना होडीतून मासेमारी शिकावी लागली किंवा नव्या जागी नवा संसार मांडावा लागला.

कालव्याच्या शेवटच्या टोकास पोहोचेपर्यंत प्रवाशाच्या ध्यानात येते की पाण्याचे आवर्तन हे येथील खरे पंचांग आहे. पाट कधी सुटणार, पाटकरी कोणत्या चारीला आधी पाणी देणार, टोकापर्यंत किती उरणार, ही चर्चा चहाच्या प्रत्येक दुकानात चाललेली असते. कालव्यास सिमेंटचे अस्तर लावावे की नाही, हा अलीकडचा वाद त्याच चर्चेतला. अस्तर लावले तर झिरपणारे पाणी वाचून टोकाच्या शेतकऱ्यास मिळेल. पण त्या झिरपण्यावरच काठच्या विहिरी जगतात, त्या आटतील. मॅन-ताम्हणे यांना जे झिरपणे जमिनीचे वैरी दिसले, तेच आज शेकडो विहिरींचे पोषण करीत आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच वाद कठीण आहे. सरकारी कचेरीत तो नकाशावर सोडविला जातो. काठाने वीस-पंचवीस मैल गेलेल्या माणसास त्यातील दोन्ही घरे दिसलेली असतात.

ही वाट पुरी करावयाची तर इंदापूरहून आग्नेयेस, तालुक्याच्या अगदी टोकाशी असलेल्या नीरा-नरसिंहपुरास जावे. तेथे नरसिंहाच्या देवळाखालच्या घाटापाशी नीरा भीमेस मिळते. कालव्यात न वळलेले, शेतांतून झिरपून परत आलेले, ओढ्यांनी आणून सोडलेले, असे नीरेचे उरलेसुरले पाणी येथे भीमेच्या हवाली होते आणि तिच्यासवे पंढरपुराकडे जाते. पावसाळ्यात हा संगम भरून वाहतो. उन्हाळ्यात कित्येकदा पात्रात वाळूच अधिक असते. आणि मग घाटावर बसलेल्या माणसांचे बोलणे सहजच वरच्या धरणांत किती पाणी उरले आहे, या विषयाकडे वळते.